भाजी कोणती होती?

कौसल्या सिस्टर कुणाच्या चेहऱ्याकडे कधी बघत नसत. त्या डोळ्यांत बघत. मी लेआऊटात घर बांधून राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. पांढरी साडी, पायात रबरी चप्पल, हातात झाकणाचा डबा. मी 'या, या' करत पुढे झालो, तर त्यांनी माझा उजवा हात मनगटाशी धरला, नाकाजवळ नेला आणि चक्क हुंगला. मग हनुवटीला बोट लावून माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि डोळ्यांत पाहिलं.

"शेती हाय?"

"नाही. हायस्कुलात भूगोल शिकवतो."

"मंग बरं हाय," असं म्हणून त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि आल्या तशा चालत्या झाल्या. डब्यात वांग्याची भाजी होती.

माझी बायको कुंदा दारातून सगळं बघत होती. "बाई येडी तं नाई ना हो?" तिनं विचारलं. मलाही तीच शंका होती. पण भाजी अशी होती, की आम्ही दोघांनी डबा बोटानं पुसून खाल्ला आणि वेडी असली तरी शेजार चांगला आहे, असं एकमतानं ठरवून टाकलं.

वेडी नव्हती. सरकारी दवाखान्यात अपघात विभागात त्यांनी बावीस वर्षं काढली होती. फवारणीचं औषध अंगात भिनलेला माणूस स्ट्रेचरवरून आला, की त्याचा हात हुंगायचा आणि डोळे बघायचे. डोळ्यातली काळी बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी झालेली असली, म्हणजे काय समजायचं ते समजायचं. नोकरी सुटली तरी हुंगणं आणि बघणं सुटलं नव्हतं. नव्या माणसाला ते फार झोंबे. मला तर दोन-तीन वर्षं त्यांच्यासमोर उभं राहिलं, की काहीतरी चोरी केल्यासारखं वाटायचं.

आता हा लेआऊट काय होता ते सांगतो. कमानीवर 'आनंद नगर' असं लिहिलेलं होतं, पण त्या नावानं रिक्षा मागितली तर रिक्षावाला तुमच्याकडे बघत राही. 'खदान लेआऊट' म्हटलं की लगेच निघे. यवतमाळातून बाभुळगावकडे जाणाऱ्या रस्त्याला, टेकाडाच्या पायथ्याशी, पूर्वी कापसाचं एक वावर होतं. त्याचे प्लॉट पडले. वावराच्या शेवटी गिट्टीची खदान होती, ती बंद पडून तिच्यात हिरवं पाणी साचलेलं. पहिली आठ घरं झाली तेव्हा ना वीज होती ना नळ. शिक्षक, पोस्टातले, एस.टी.तले, एक मोटार रिवायंडिंगवाला, अशी मंडळी कंदील लावून राहिली. एकानं विहीर खोदली की आठ घरं पाणी भरत. एकाकडे पाहुणे आले की आठ घरांतून सतरंज्या जात. पुढे घरं साठाच्या वर गेली, एका टोकाला हनुमानाचं देऊळ झालं, दुसऱ्या टोकाला विहार झाला, मधल्या मोकळ्या जागेवर गणपती बसू लागला. दिसायला सगळं ठीकच होतं.

पण अर्ध्याअधिक घरांचा एक पाय अजून गावात होता. नोकरी यवतमाळात आणि वावर बाभुळगावच्या बाजूला. सकाळी मोटारसायकलवर निघायचं, मजुरांना कामाला लावायचं आणि परत यायचं. वावरातल्या खोपटात सामान ठेवलं तर चोरीला जाई, म्हणून खत, बियाणं आणि फवारणीचं औषध असं सगळं घरीच येई. कापसाची ती वाईट वर्षं होती. बियाणं नवं, अळीही नवी, आणि फवारा कितीही मारा, अळी काही मरत नव्हती. लेआऊटातल्या घराघरात बाटल्या झाल्या. दिवाणाखाली, माळ्यावर, एका घरी तर देवघराच्या खालच्या कप्प्यात. श्रावण लागला, की गल्लीतून चालताना एक उग्र, नाकात बसणारा वास येऊ लागे. रोज सकाळी पेपरात जिल्ह्यातल्या कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव असे. एक दिवस मारेगावकडचं, एक दिवस दिग्रसकडचं. आम्ही ते नाव वाचत असू आणि पान उलटत असू. आपल्या लेआऊटाचं नाव त्यात नाही, एवढंच बघायचं.

सिस्टर पान उलटत नसत. संध्याकाळी चार वाजले की हातात मोठा खिळा आणि बत्ता घेऊन त्या निघत. रिकामा डबा दिसला की बसकण मारायची आणि त्याच्या बुडाला चार भोकं पाडायची. कारण आमच्याकडे चांगला डबा कुणी फेकत नाही. औषध संपलं, की डबा राखेनं घासायचा आणि त्यात पाणी नाही तर तांदूळ भरायचे. लोक चिडत. "अवो सिस्टर, नवाकोरा डबा व्हता!" सिस्टर म्हणत, "म्हनूनच तं," आणि पुढच्या घरी जात.

त्यांचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते देवरावजींशी. देवरावजी म्हणजे आमच्या समोरच्या रांगेतले, पोस्टातून रिटायर झालेले, बायको वारलेली, मुलगा सुरतेला. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. गुरुवारी त्यांच्याकडे भजन असे आणि भजनानंतर आलेपाक मिळे, त्यामुळे माझ्यासारखे अभक्तही जात. माणूस अतिशय सोवळा. आषाढी झाली की कार्तिकीपर्यंत त्यांच्या घरात कांदा, लसूण आणि वांगं येत नसे. त्यातही वांगं तर थेट चंपाषष्ठीपर्यंत बंद. आमच्या वऱ्हाडात माणूस बायकोवाचून राहील, पण पाच महिने वांग्यावाचून राहणं म्हणजे तपश्चर्याच. सगळा लेआऊट त्यांची त्यावरून थट्टा करी आणि मी सगळ्यांत जास्त करी.

तर या देवरावजींनी औषधाच्या मोठ्या डब्यात तुळस लावली होती. डब्यावरचं कवटीचं चित्र चुन्यानं पुसून वर स्वस्तिक काढलेलं. सिस्टरांनी बघितलं, खाली बसल्या आणि खिळा काढला.

"हात लावू नोका!" देवरावजी घरातून धावत आले. "तुयस हाय ते!"

"तुयशीले नाई लावून राह्यली. डब्याले लावून राह्यली."

"देवाची वस्तू हाय, बाई!"

"अजी, तिची पानं तुमी रोज तोंडात टाकता ना? मले दाखवा डोये."

आणि भर गल्लीत, पन्नास माणसांसमोर, त्यांनी देवरावजींची हनुवटी धरून डोळे तपासले. आठवडाभर बोलणं बंद. आठव्या दिवशी सिस्टर कुंभारवाड्यातून मातीचं वृंदावन डोक्यावर घेऊन आल्या, त्यात माती भरली आणि अंगणात ठेवून गेल्या. त्या वर्षीच्या चंपाषष्ठीला सिस्टरांच्या घरचं भरताचं पहिलं वाडगं देवरावजींकडे गेलं आणि मग दरवर्षी जात राहिलं. सिस्टरांच्या घरी चातुर्मास पाळत नसत. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली, तेव्हाच तो विषय संपला होता. पण देवरावजींचं वांगं कधी सुटतं, तो दिवस त्यांना बरोबर ठाऊक असे. वाडगं रिकामं परत येत नसे. त्यात तुळशीचं रोप किंवा आलेपाक असे.

औषधाच्या कोठीची कल्पना सिस्टरांचीच. गणपतीच्या मांडवात बैठक भरली होती, वर्गणी, लाऊडस्पीकर वगैरे झालं, आणि सिस्टर उभ्या राहिल्या.

"आपापल्या घरातलं औषध बाहेर काढा," त्या म्हणाल्या. "एका जागी ठेवू. कुलपात. ज्याले जवा लागन तवा नेईन."

"चोरी होईन म्हनता?" कुणीतरी विचारलं.

"चोरीचं नाई म्हनत म्या." सिस्टर म्हणाल्या. "बावीस वर्षं म्या तेच पाह्यलं. आलेला मानूस शुद्धीवर आला, का एकच सांगते. 'सिस्टर, मले मराचं नव्हतं, ते समोर होतं.' बाप्पा, मानूस वाईट नसते. धा मिन्टं वाईट असतात. त्या धा मिन्टांत हाताशी काई लागलं नाई पायजे. धा मिन्टं टयली, का मानूस चहा मांगते."

गणपतीपुढे असलं बोललेलं कुणालाच आवडलं नाही. बायकांनी पदर तोंडाला लावले. "अशुभ कायले बोलता, सिस्टर? आपल्या इथं कोन हाय तसा?" असं तीन-चार जण म्हणाले. मी गप्प होतो. मला माझ्या गप्प बसण्याचा आजही राग येतो, पण तेव्हा मी त्याला समंजसपणा म्हणत असे.

तेव्हा देवरावजी उठले. मला वाटलं आता तुळशीचं उट्टं काढणार. ते म्हणाले, "सिस्टर, मायाकडं चार बाटल्या हायेत. उद्या आनून देतो. पन ठेवसान कुठं?"

तो प्रश्न खरा होता. देवळाजवळ नको, विहाराजवळ नको, बोअरच्या खोलीत तर सिस्टरांनाच नको होतं. शेवटी लेआऊटच्या टोकाला, खदानीच्या काठावर एक दगडी खोली होती तिची आठवण झाली. खदान चालू असताना तिच्यात सुरुंगाची दारू ठेवत. खिडकी नाही, जाडजूड भिंती, आणि दारासमोर दहा पावलांवर ते हिरवं पाणी. तिथं मुलं खेळायलासुद्धा जात नसत. रिवायंडिंगवाल्या सलीमभाईंनी लोखंडी दार बनवून दिलं. त्याला सिस्टरांनी दोन कुलपं लावायला सांगितली.

"दो काहेको, सिस्टर?" सलीमभाईंनी विचारलं. "एकच मजबूत लावतो ना मैं."

"एक किल्ली मायापाशी, एक मास्तरापाशी. कुनाच्याच हातात दोन नाई पायजे. मायाबी हातात नाई." हे त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मास्तर म्हणजे मी. माझी शाळा सकाळची, घर जवळ आणि शेती नाही, एवढीच माझी पात्रता. अशा रीतीनं आमचा तो रिवाज सुरू झाला. कुणाला औषध हवं असलं, की तो आधी सिस्टरांकडे जाई. सिस्टर मला हाक मारत. आम्ही तिघं खदानीच्या वाटेनं चालत जाऊ. दारापाशी सिस्टर त्या माणसाला उभं करत, डोळ्यांत बघत आणि विचारत, "जेवले का?"

तो म्हणे, "हो, जेवलो."

"भाजी कोन्ती होती?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. परत येताना मी म्हणालो, "सिस्टर, विष द्यायचं आणि भाजी विचारायची, हे काय?"

"मास्तर, जो सकायी जेवला त्याले भाजी आठवते. ज्याच्या जिवात जीव नाई त्याले ताटात काय होतं ते सांगता येत नाई. मंग तो जेवला असला तरी."

मला ते पटलं नाही. पण एका भाद्रपदात गजानन नावाचा आमच्याच गल्लीतला एस.टी.चा मेकॅनिक आला. तिशीतला, हसऱ्या तोंडाचा, बोलका माणूस. मजूर थांबून राहिलेत, लवकर द्या, म्हणाला. सिस्टरांनी विचारलं, जेवला का? जेवलो. भाजी कोणती होती? गजानन तोंड उघडून उभा राहिला. डोकं खाजवलं. "भाजी..." म्हणाला आणि पुढे काही नाही. खदानीच्या पाण्यावर एक टिटवी ओरडत होती. मी किल्ली काढून तयार होतो. सिस्टरांनी त्यांची किल्ली पदराच्या गाठीत परत बांधली.

"कुलूप गंजलं वाटते. चाल, घरी चाल. तेल घेऊन येऊ," त्या म्हणाल्या. कुलूप गंजलेलं नव्हतं. घरी नेऊन त्यांनी त्याला पाटावर बसवलं, झुणका टाकला, भाकरी थापली आणि समोर बसून राहिल्या. एक शब्द विचारला नाही. गजाननानं दोन घास खाल्ले आणि तो रडायला लागला. मी तिथून सटकलो, कारण रडणाऱ्या पुरुषासमोर काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. उन्हं कलताना परत डोकावलो, तर गजानन ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होता आणि सिस्टर त्याला त्यांचा बिघडलेला पंखा दाखवत होत्या. त्याला काय झालं होतं, ते त्यांनी विचारलं नाही आणि त्यानं कधी सांगितलं नाही. दरवर्षी संक्रांतीला मात्र तो तुरीच्या शेंगा आणून देई.

तीन हंगाम असे गेले. पेपरात गावांची नावं येतच होती. आमचं आलं नव्हतं. आणि हळूहळू त्या प्रश्नाची भीती गेली. ती आमच्या लेआऊटची गंमत झाली. बाजारात कुणी भेटलं तर 'राम राम'च्या ऐवजी 'भाजी कोन्ती होती?' म्हणू लागले. लग्नात पंगतीला पोरं एकमेकांना विचारत. औषध न्यायला येणारा तर लांबूनच ओरडे, "सिस्टर, आलू-वांगं!" मीही हसे. सिस्टर मात्र हसत नसत. "लोकायले उत्तर पाठ झालं, मास्तर," एकदा त्या म्हणाल्या. "आता दुसरं काई इचारा लागन." पण दुसरं काय विचारायचं, ते त्यांनाही सुचलं नव्हतं.

चौथ्या हंगामात, गणपती उठले त्याच आठवड्यात, मारेगावला त्यांची भाची बाळंत झाली. अवघड बाळंतपण होतं, जाणं भाग होतं. किल्ली सलीमभाईंकडे ठेवावी, तर ते जिनिंगच्या कामावर मुकुटबनला गेलेले. सकाळी एस.टी.ला निघताना सिस्टर माझ्या फाटकाशी आल्या. गाठ सोडली, किल्ली काढली आणि बराच वेळ तळहातावर धरून उभ्या राहिल्या.

"द्या ना," मी म्हणालो. "दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे."

"दोन किल्ल्या एका हातात होतात, मास्तर."

"माझ्यावर भरवसा नाही का?"

हे मी हसत म्हणालो. त्यांना ते लागलं असावं. त्यांनी किल्ली दिली. त्यांच्याच नियमाविरुद्ध त्यांनी केलेली ती एकच गोष्ट, आणि ती मी करायला लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून येऊन मी जेवायला बसलो होतो. फाटकातून देवरावजींनी हाक मारली. दोन दिवसांनी ऊन पडलं होतं आणि ते मजेत दिसत होते. धोतर स्वच्छ, बुक्का ताजा, हातात कापडी पिशवी. "उघडीप भेटली, मास्तर. मानसं वावरात थांबून हायेत. जराक चालता का?"

मी हात धुतला, दोन्ही किल्ल्या घेतल्या आणि निघालो. वाटेत ते भजनाबद्दल बोलले. नवा पेटीवाला तालात कच्चा आहे म्हणाले. दारापाशी पोचल्यावर मी, जरा सिस्टरांची नक्कल करत, कमरेवर हात ठेवून विचारलं, "जेवले का, देवरावजी?"

"जेवलो."

"भाजी कोन्ती होती?"

"वांग्याची," देवरावजी म्हणाले.

आणि मी हसलो. तेही थोडंसं हसले. मी एक कुलूप उघडलं, दुसरं उघडलं. माझं ताट झाकून आलो होतो, कुंदानं भाकरी तव्यावर टाकलेली, मला घाई होती. त्यांनी आपल्या चार बाटल्यांतली एक पिशवीत घातली. कोपऱ्यावर गेल्यावर वळून त्यांनी विचारलं, "सिस्टर कवा येनार?"

"उद्या सकाळी."

"बरं," ते म्हणाले आणि गेले. मी घरी येऊन गरम भाकरी खाल्ली.

ऊन असतानाच, साडेचारच्या सुमारास, दूधवाल्यानं त्यांचं दार बडवलं. आतून कडी होती. गजानन धावत आला आणि त्यानं दार फोडलं. पुढचं मी लिहीत नाही. वावरात कुणी मजूर थांबलेले नव्हते, हे नंतर कळलं. तुळशीला पाणी घातलेलं होतं, एवढं मला आठवतं.

सकाळी पहिल्या एस.टी.नं सिस्टर आल्या. फाट्यावरच त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. त्या देवरावजींच्या घरी गेल्या नाहीत, सरळ माझ्याकडे आल्या. मी ओट्यावर बसलो होतो. सगळा लेआऊट सकाळपासून कारणं शोधत होता. मुलगा लक्ष देत नव्हता, कपाशी लाल पडली, एकटेपणा. सिस्टरांनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

"तुमी भाजी इचारली का?"

"विचारली."

"काय म्हनले?"

"वांग्याची."

बोलून झाल्यावर मला ऐकू आलं. माझं बोलणं मलाच ऐकू आलं. भाद्रपद चालू होता. देवरावजींच्या घरी वांगं. ज्या माणसाची मी वर्षानुवर्षं त्यावरून थट्टा केली, तो माणूस.

सिस्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "मास्तर, तो मानूस तुमाले सांगून गेला." मग त्यांनी हात पुढे केला. मी त्यांची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती थोडा वेळ बघितली आणि म्हणाल्या, "तुमाले कायले बोलू. किल्ली म्याच देल्ली."

त्यानंतर लेआऊटात जे झालं, ते मला अजून कळत नाही. लोकांचा राग देवरावजींवर नव्हता, माझ्यावर नव्हता, औषधावर तर मुळीच नव्हता. तो त्या खोलीवर होता. ती जागाच वाईट, तिथूनच हे आलं, बाईनं मांडवात अशुभ तोंडातून काढलं तेव्हाच हे ठरलं, असं लोक बोलू लागले. तेराव्यानंतर माणसं रांगेनं आपापल्या बाटल्या घरी घेऊन गेली. सिस्टर दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पहिल्या माणसाला विचारलं, "भाजी कोन्ती..." आणि तो त्यांच्याकडे न बघता आत शिरला. मग त्यांनी कुणालाच विचारलं नाही. आठवड्याभरात बाटल्या पुन्हा दिवाणाखाली आणि माळ्यावर गेल्या. गल्लीत तो वास परत आला.

सिस्टरांनी खिळा आणि बत्ता ठेवून दिला. त्या संध्याकाळी निघेनाशा झाल्या. समोरून गेलं तर बोलत, पण जमिनीकडे बघून. मला ज्या नजरेचा एवढा जाच वाटत असे, ती गेल्यावर लेआऊटात पहाऱ्यावर कुणी नाही असं वाटू लागलं. चंपाषष्ठीला कुठल्याच घरी वाडगं आलं नाही. कुंदा दोनदा डबा घेऊन गेली, त्यांनी घेतला, पण तिसऱ्या दिवशी तो तसाच झाकलेला ओट्यावर दिसला.

उन्हाळ्यात माझी बदली मुकुटबनला झाली. खरं सांगायचं तर मीच मागून घेतली होती. सामानाचा ट्रक सकाळी दहाला भरून झाला. कुंदा पुढे केबिनमध्ये बसली. मी निरोप घ्यायला म्हणून सिस्टरांच्या दारात गेलो. दोन मिनिटांचं काम, असं ड्रायव्हरला सांगून.

त्या ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. साडी पांढरीच, पण इस्त्री नसलेली. "निघाले का?" म्हणाल्या. हो म्हणालो. पोचल्यावर पत्र टाकतो म्हणालो. माणूस निघताना जे जे खोटं बोलतो ते सगळं बोललो. त्या फरशीकडे बघत होत्या. त्यांच्या मागे स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. शेगडी थंड. ताटल्या पालथ्या, आणि त्यांच्यावर धूळ. माठाखालची फरशी पांढरी पडलेली. आणि खिडकीत, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली, औषधाची एक बाटली. त्यांना शेती कधीच नव्हती. ती देवरावजींच्या उरलेल्या तीनपैकी होती, की गल्लीतून उचललेली, मी विचारलं नाही.

मी विचारलं ते एवढंच, "सिस्टर, जेवल्या का?"

इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं होतं की नाही, कोण जाणे. त्या म्हणाल्या, "जेवली."

"भाजी कोणती होती?"

त्यांनी मान वर केली. सात-आठ महिन्यांनी पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. पूर्वीसारखं, उजेडात धरून तपासल्यासारखं.

"वांग्याची," त्या म्हणाल्या.

माझी परीक्षा घेत होत्या की खरंच सांगत होत्या, ते मला आजही ठाऊक नाही. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी दारात जाऊन त्याला हातानं खूण केली, तुम्ही व्हा पुढे. कुंदानं काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता ड्रायव्हरला निघायला सांगितलं. मी आत आलो, खिडकीतली बाटली उचलली, माझ्या पिशवीत घातली आणि पिशवी मांडीखाली घेऊन त्यांच्यासमोर फरशीवर बसलो. ट्रकचा आवाज फाट्यापर्यंत गेला आणि थांबला. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं, त्यामुळे किती वेळ झाला ते सांगता येणार नाही. ऊन ओसरीच्या पहिल्या पायरीवरून दुसरीवर आलं. माझ्या पायाला मुंग्या आल्या. उठायची भीती वाटत होती.

मग सिस्टरांनी पदरानं तोंड पुसलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "हात साबनानं धुवा, अन् थोडा चहा मांडा."